क्युरेट हॅझलडाइन यांची एकोणचाळीस कलमं

मी एनॉक प्रॉसर. आठवडाभर जोडे शिवतो आणि रविवारी चर्चचा क्लार्क असतो. पाद्र्याच्या खालच्या ठेंगण्या बाकावर बसायचं आणि प्रार्थना संपली की सगळ्या गावाच्या वतीनं खणखणीत 'आमेन' म्हणायचं, हे माझं काम. माझ्याआधी माझा बाप म्हणायचा. त्याचा आवाज माझ्याहून चांगला होता, असं म्हातारे अजून मला तोंडावर ऐकवतात.

मिस्टर ल्यूक हॅझलडाइन यांच्याबद्दल लिहून ठेव, असं मला कुणी सांगितलेलं नाही. गावातली निम्मी माणसं त्यांना विसरलीसुद्धा. मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

ते आमच्या विंटरकोट गावचे क्युरेट, म्हणजे पगारावर ठेवलेले पाद्री होते, बावीस वर्षं. लग्न लावायचे ते, बाळांच्या डोक्यावर पाणी घालायचे ते, मेलेल्याला मातीत ठेवताना भिजत उभे राहायचे तेही तेच. पण गावचे धर्मगुरू कोण, असं बिशपच्या दप्तरात बघितलं तर तिथं त्यांचं नाव नव्हतं. तिथं होते व्हिकार डॉक्टर फॅन्शॉ. हे डॉक्टरसाहेब बाथ शहरात गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचे आणि सात-आठ वर्षांतून एकदा गावात यायचे. कोकरं, अंडी, सफरचंदं, मध, गावात जे जे पिकायचं त्याचा दहावा हिस्सा त्यांचा. त्यातला चिमूटभर ते क्युरेटला पगार म्हणून द्यायचे. आणि धान्य न् गवताचा जो मोठा दहावा हिस्सा, जो रेक्टर नावाच्या थोरल्या पाद्र्याचा असायला हवा, तो आमच्याकडे पाद्र्याला मिळतच नव्हता. कुठल्याशा राजाच्या काळात तो थॉर्नेटांच्या हवेलीकडे गेला तो गेलाच. व्हिकार कुणाला नेमायचं तेही हवेलीच ठरवायची. म्हणजे बघा, वरच्याला धान्य, मधल्याला अंडी आणि खालच्याला काम. माझ्या बायकोच्या, केझायाच्या भाषेत सांगायचं तर, 'दूध एकाचं, साय दुसऱ्याची आणि हॅझलडाइनसाहेबांनी नुसती गाय चारायची.'

पण त्यांना खरं खुपायचं ते हे नव्हे. व्हिकार एकदा बसला की मरेपर्यंत त्याला कुणी उठवू शकत नाही, बिशपसुद्धा नाही. क्युरेटचं तसं नसतं. त्याला सहा महिन्यांची नोटीस दिली की त्यानं पुस्तकांच्या पेट्या भरायच्या. बावीस वर्षं ते आणि त्यांची बहीण मिस ऑनर खोगीरवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होते, चामड्याच्या वासात. आणि समोर व्हिकारचं दगडी घर खिडक्या मिटून रिकामं पडलेलं. त्या घराच्या आवारातली नासपतीची झाडं हॅझलडाइनसाहेबांनी लावलेली, छाटायचेही तेच. एकदा मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्याच्या बागेत कशाला मरता?" तर म्हणाले, "झाडाला कुठं ठाऊक आहे, एनॉक, मी व्हिकार आहे की क्युरेट ते!"

असा माणूस. उंच, पोक काढून चालणारा, कोटाच्या खिशात नेहमी आल्याच्या गोळ्या. रविवारची शिकवण तशी लांबट द्यायचे, खोटं कशाला बोलू? पण कुणाच्या घरी दुखणं असलं तर बोलावण्याची वाट बघायचे नाहीत.

त्या वर्षी ईस्टरनंतर बातमी आली की डॉक्टर फॅन्शॉ बाथला वारले. गावात कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, पण धास्ती मात्र सगळ्यांनी घेतली. कारण व्हिकार गेला की त्यानं ठेवलेल्या क्युरेटचंही काही खरं नसतं. नवा येणार, आपला माणूस आणणार. मिस ऑनरनं दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून तिच्या भावाचे जोडे मागवले. मी म्हटलं, "अजून तळ लावायचाय, बाई." तर म्हणाली, "लवकर लावा हो. प्रवासाला निघावं लागलं तर?"

आणि मग ते घडलं. हवेलीच्या थोरल्या बाईंनी, मिसेस थॉर्नेटनी, हॅझलडाइनसाहेबांना बोलावून घेतलं. बाई ऐंशीच्या, कानानं बहिऱ्या, जिभेनं तिखट. दारात उभ्या असलेल्या मोलकरणीनं सगळं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं. बाई म्हणाल्या होत्या, "हॅझलडाइन, माझा मुलगा म्हणतो त्याच्या मेहुण्याला हे गाव द्या. मेहुण्याला घोडे आणि पत्ते यांतलं कळतं. तुम्हाला काय कळतं?"

"नासपतीतलं थोडंफार, बाई."

"मोठ्यानं बोला!"

"नासपतीतलं!"

"बरं. मग व्हिकार व्हा. आणि मला पुरताना शिकवण आखूड ठेवा."

सतरा जूनला, बुधवारी, गावची सूत्रं त्यांच्या हाती आली. रीतीप्रमाणे त्यांचा हात चर्चच्या किल्लीवर ठेवला, त्यांना एकट्याला आत कोंडलं, आणि त्यांनी घंटा वाजवली. जितके टोल तितकी वर्षं पाद्री टिकतो, असं आमच्याकडे मानतात. आम्ही बाहेर मोजत उभे. वीस झाले, पंचवीस झाले, तरी थांबेनात. चर्चचे कारभारी, शेतकरी अँब्रोज स्किर्म, ओरडले, "अहो, आमच्या नातवंडांना पण राहू द्या की थोडे!" सगळे हसले. दार उघडून ते बाहेर आले तेव्हा चेहरा असा लाल झाला होता की काय सांगू! मिस ऑनर लगोलग दगडी घरात शिरली आणि दोरी घेऊन खिडक्या मोजू लागली, पडद्यांसाठी.

एकच गोष्ट बाकी होती. नव्या व्हिकारनं दोन महिन्यांच्या आत एका रविवारी, भरल्या चर्चमध्ये, प्रार्थनेच्या वेळी आपल्या पंथाची एकोणचाळीस कलमं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायची आणि 'हे सगळं मला मान्य आहे' असं सांगायचं. नाही वाचली तर त्याची जागा गेली. कुणी काढायची गरज नाही, आपोआप जाते. मग वाचल्याच्या दाखल्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यातली एक क्लार्कची, म्हणजे माझी. माझा बाप सांगायचा, "बाकी सगळं पुढंमागं चालतं एनॉक, हे नाही." म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एकवीस जूनचा पहिलाच रविवार. साहेब पुस्तक घेऊन तयार. आणि नदीकाठच्या कुरणात माझा जो एवढासा पट्टा आहे, त्यातलं गवत शुक्रवारी कापून पडलेलं. पश्चिमेकडे ढग जमलेले. रविवारी शेतात काम करायचं नसतं. पण ओल्या वर्षी लोक कुंपणामागं दाताळी लपवून ठेवायचे आणि प्रार्थना सुटली की तिकडे सटकायचे. साहेबांना ठाऊक होतं. ते बरोबर त्या बाजूला पाहायचे नाहीत. ती एकोणचाळीस कलमं म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती, वर शिकवण. माझं गवत भिजणार, हिवाळ्यात गाय काय खाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

झगा घालायच्या खोलीत मी त्यांना म्हटलं, "साहेब, आज कलमं नको."

"का रे?"

आता 'माझं गवत पडलंय' म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का? पण मी म्हटलं, "लोक म्हणतायत. सगळ्यांचं गवत पडलंय. आज लवकर सोडा म्हणतायत, पुढच्या रविवारी वाचा म्हणतायत."

त्यांनी हातातलं पुस्तक फळीवर ठेवलं. मग हसले. "बावीस वर्षं ऐकतायत मला बिचारे. मी काय मानतो ते त्यांना एव्हाना कळलंच असेल. पुढच्या रविवारी वाचू."

माझं गवत कोरडं घरात आलं. साहेबांची शपथ, त्या संध्याकाळी मी खुशीत होतो. केझायाला म्हटलंसुद्धा, "कसं जमवलं बघ!" ती म्हणाली, "अहो, बाकी कुणाचंच गवत अजून कापलेलं नाही. तुम्हालाच कशाची घाई झाली होती?" मी विषय बदलला.

पुढच्या रविवारी साहेबांचा घसा बसला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात थोरल्या बाई गेल्या. त्यांना पुरलं, शिकवण आखूड ठेवली. मग लाल पुरळाचा ताप आला. आधी गिरणीवाल्याच्या घरी, मग गल्लीत, मग सगळीकडे. लोक चर्चमध्ये एकमेकांजवळ बसायला भ्यायचे. साहेब पंधरा मिनिटांत प्रार्थना उरकायचे आणि घरोघर हिंडायचे. आठवड्याला दोन-दोन पोरं पुरली. असल्या दिवसांत कलमं कुणाला आठवतात?

मला आठवत होती. सोळा ऑगस्टचा रविवार हा शेवटचा. शनिवारी मी त्यांना गाठून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! बरं झालं बोललास. उद्या काही झालं तरी वाचतो."

आणि वाचायला लागले. आवाज थकलेला होता, पण स्वच्छ. लोक गप्प बसून ऐकत होते. अकरावं कलम संपलं आणि दार उघडून लोहाराची बायको, हेप्झिबा, डोक्यावर टोपी नाही, पायांत काही नाही, तशी मधल्या वाटेनं धावत आली. म्हणाली, "साहेब, माझी लहानगी... ती तुम्हाला बोलावतेय." त्यांनी पुस्तक मिटलं. मी खालून त्यांच्या झग्याचं टोक धरलं आणि कुजबुजलो, "साहेब, आजचाच दिवस आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "दुपारच्या प्रार्थनेला उरलेली वाचतो." आणि गेले.

दुपारची प्रार्थना झालीच नाही. मुलगी चार वाजता गेली. हेप्झिबानं तिचा हात सोडायला नकार दिला आणि साहेब त्या दोघींजवळ बसून राहिले. मी लोहाराच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत डोकावलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार, की चला, कलमं वाचायचीत? परत येताना मी स्वतःची समजूत घातली, की मोजणार कोण बसलंय. पुढच्या रविवारी त्यांनी ती वाचली, सगळीच्या सगळी, पहिल्यापासून. मुदत सोमवारीच संपली होती. सहा दिवस उशीर.

मोजणारे होते. थोरल्या बाईंचा मुलगा कॅप्टन थॉर्नेट आता हवेलीचा मालक होता आणि मेहुणा अजून घोड्यांवर हरत होता. कॅप्टनच्या वकिलानं दाखला मागितला. मिस ऑनर माझ्या दुकानात आली. ती कधी कुणाकडे काही मागणारी बाई नव्हे. हातमोजे काढून तिनं मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, एकवीस जूनला वाचली असं लिहिलं तर? तुम्ही आणि स्किर्म सह्या कराल ना?"

मी म्हटलं, "आत्ता करतो." खरंच केली असती. गवतासाठी खोटं बोललो होतो, त्यांच्यासाठी दहादा बोललो असतो. पण साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी बहिणीला एकच वाक्य सांगितलं, आणि ते तिनंच मला डोळे पुसत येऊन सांगितलं. "ऑनर, खोट्या दाखल्यावर मी या लोकांपुढं उभा कसा राहू?"

मग बिशपचा अधिकारी, आर्चडीकन, चौकशीला आला. चर्चमध्येच टेबल मांडलं. माणूस वाईट नव्हता. खरं तर तो वाट शोधत होता. म्हणाला, "मिस्टर हॅझलडाइन, ताप आला, तो तुमचा दोष नाही. पण पहिला रविवार? तेव्हा ताप नव्हता, घसा बसलेला नव्हता. तेव्हा का नाही वाचलीत? तेवढं सबळ कारण मिळालं तर मी बिशपसाहेबांना सांगू शकेन की अडचण खरी होती."

साहेब म्हणाले, "गवताचे दिवस होते. लोकांनी विनंती केली होती."

आर्चडीकन कारभाऱ्यांकडे वळला. "मिस्टर स्किर्म, गावानं विनंती केली होती?"

स्किर्म सरळ माणूस. डोकं खाजवत म्हणाले, "नाही साहेब. उलट आम्ही सगळे नवे कपडे घालून आलो होतो, कलमं ऐकायचीत म्हणून. माझी म्हातारी तर बसायला उशी घेऊन आली होती. कलमं वाचली नाहीत म्हणून हिरमुसलीच. आणि गवत तर आमचं जुलैत कापलं."

हॅझलडाइनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खालच्या बाकावर माझ्या नेहमीच्या जागी होतो. रागानं पाहिलं असतं तर मी उठून उभा राहिलो असतो, असं मला नंतर कितीदा वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. फक्त त्यांना एवढंच कळलं होतं, की गाव नव्हतं, मी होतो.

आर्चडीकननं विचारलं, "मग तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

आता बोल, एनॉक. मी मनात म्हणत होतो, आता बोल. क्लार्कनं व्हिकारला फसवलं म्हटल्यावर कदाचित ते सबळ कारण ठरलं असतं. माझी जागा गेली असती, एवढंच. बापाची जागा, ठेंगणा बाक, ते 'आमेन'. लोकांनी दुकानाची वाट सोडली असती. तीनशे लोकांपुढं उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, आणि दर रविवारी सगळ्यांच्या वतीनं बोलणारा मी मूग गिळून बसलो.

साहेबांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. "माझाच गैरसमज झाला असावा," ते म्हणाले. "सांगितलं कुणीच नाही. आळस केला मी."

आर्चडीकननं लेखणी खाली ठेवली. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

जागा गेली. कॅप्टनचा मेहुणा आला. पहिल्याच रविवारी त्यानं एकोणचाळीसच्या एकोणचाळीस कलमं घोडा पिटाळल्यासारखी वाचून टाकली आणि दाखल्यावर मी सही केली. नव्या व्हिकारनं हॅझलडाइनसाहेबांना क्युरेट म्हणून राहा असं म्हटलं, त्याला काम करणारा हवाच होता. साहेबांनी आभार मानले आणि नको म्हणाले. त्रेपन्नाव्या वर्षी ते स्टॅफर्डशायरमधल्या एका कोळशाच्या गावात क्युरेट म्हणून गेले, वर्षाच्या कराराने. निघताना गाडीभोवती गाव जमलं होतं. लोहाराची हेप्झिबा रडत होती. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही मिळवला. "केझायाला जप," म्हणाले. मी तोंड उघडलं होतं. गाडीवानानं लगाम हलवले आणि मी, काय सांगू, मी तोंडातल्या तोंडात 'देव भलं करो' म्हणालो.

त्याला आता नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मिस ऑनरचं पत्र आलं. साहेब फेब्रुवारीत गेले, छातीत कफ झाला होता. शेवटपर्यंत क्युरेटच होते. तिथल्या चर्चच्या आवारात जागा नव्हती म्हणून गावाबाहेरच्या नव्या दफनभूमीत पुरलं, जिथं त्यांच्या ओळखीचं कुणीच नाही.

पुढं तिनं लिहिलंय, 'मिस्टर प्रॉसर, त्या दिवसांत माझ्या भावासाठी सही करायला तयार झालेले तुम्ही एकटे. ते उपकार मी विसरलेली नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. लोकांना गवतासाठी लवकर जायचंय, असं ल्यूकला कुणीतरी सांगितलं होतं. तो उगाच काही बोलणारा माणूस नव्हता. मी त्याला नऊ वर्षं विचारत होते, त्यानं नाव सांगितलं नाही. तुम्ही रोज त्याच्याजवळ असायचात. तुम्हाला ठाऊक असेल. मला कुणाचं वाईट करायचं नाही. मला फक्त मरण्याआधी कळायला हवं आहे.'

केझायानं पत्र वाचलं आणि घडी घालून माझ्यापुढं ठेवलं. मिस ऑनर एकाहत्तर वर्षांची आहे, पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिलाय, आणि उत्तराला एकच नाव पुरेल. महिना झाला. मी अजून लिहिलेलं नाही.